भिंतींतलें बिऱ्हाड

रानपांखरें म्हणजे रानांतच राहणारीं, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक कित्येक पक्ष्यांनीं संसारासाठीं मनुष्याची वस्तीच पसंत केली आहे. कौलांखालची सांद किंवा तसबिरीमागची जागा चिमणीस पुरते. पाकोळी पिसें व काड्या आपल्या लाळेनें चिकटवून जुन्या कमानीखालीं घरटें बांधते. गव्हाणी घुबड पडक्या वाड्याच्या कोनाड्यांत अंडीं घालतें. यांपैकीं कोणीही भिंत पोखरीत नाहीं. आपण सोडलेल्या पोकळींतच हीं पांखरें बिऱ्हाड थाटतात.

ती पोकळीच आतां नाहींशी होत आहे. भारतीय पक्ष्यांविषयींच्या सन २०२० च्या अहवालांत चिमण्यांची संख्या देशांत एकंदरीनें स्थिर, परंतु मोठ्या शहरांत घटलेली दिसून आली. कारणें अनेक असतील. पण सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींत तिनें अंडीं कोठें घालावीं, हा प्रश्न उरतोच. दिल्लीनें सन २०१२ मध्यें तिला राज्यपक्ष्याचा मान दिला, हें योग्यच झालें. मात्र मानानें घर मिळत नाहीं.

कोणी म्हणतील, घरट्यामुळें केर होतो. होतो खरा. परंतु अंडीं उबण्यास सुमारें १२ ते १४ दिवस व पिलें उडूं लागण्यास आणखी पंधरवडा, इतकीच ही अडचण. महिनाभर एक केरसुणी अधिक फिरवावी लागली तर काय बिघडलें? शिवाय हीं बिऱ्हाडें फुकट राहत नाहींत. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना अळ्या व किडे भरविते. घुबड तर उंदरांचा काळच.

म्हणून आमचें मत असें कीं, नवी इमारत बांधतांना दोन-चार पोकळ्या पांखरांसाठीं राखाव्या. तें न जमल्यास लांकडी पेटी सावलींत, मांजरापासून व पंख्यापासून दूर टांगावी. तिचें भोंक सव्वा इंचाचें असावें. म्हणजे चिमणी आंत जाईल, साळुंकी शिरणार नाहीं. शाळेंतील सुतारकामाच्या तासाला अशी पेटी सहज होईल. नुसते तांदूळ टाकून भागत नाहीं. किडे मिळावे म्हणून कुंपणाचीं झुडुपेंही राखलीं पाहिजेत. आणि सुटींत भिंतींस चुना देण्यापूर्वीं, विद्यार्थीमित्रहो, घरट्यांत पिलें नाहींत ना, एवढें अवश्य पाहा.