परक्या आज्यांची भांडी



हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर इथे नेदरलँड्समध्ये गावोगावच्या फुटपाथवर खडूचे चौकोन उमटायला लागले असतील. चौकोनात मोठ्या अक्षरांत ‘बेझेट’, म्हणजे ही जागा धरलेली आहे. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. २७ एप्रिलला कोनिंग्सडाख, राजाचा वाढदिवस. २०१३ पर्यंत हा सण राणीच्या नावाने ३० एप्रिलला व्हायचा. गादीवरचं माणूस बदललं तशी तारीख बदलली, पण फुटपाथवरचा बाजार तसाच राहिला. त्या दिवशी परवाना न काढता कोणीही रस्त्यावर पथारी पसरतं. उट्रेख्टमध्ये तर आदल्या संध्याकाळी सहालाच सुरुवात होते. अॅमस्टरडॅमच्या वोंडेलपार्कात पोरांचं राज्य असतं. कोणी स्वतःची जुनी खेळणी विकतं, कोणी बेसूर व्हायोलिन वाजवून टोपीत नाणी जमवतं.

आपणही जातो या बाजाराला. नारिंगी टी-शर्ट घालून, फोटो काढत, काहीतरी खात. पथाऱ्यांवरून नजर फिरवतो आणि पुढे सरकतो. घेत नाही. घेतलंच तर मुलांसाठी लेगो घेतो, कारण लेगोला विटाळ नाही.

वापरलेली वस्तू घरात आणणं म्हणजे ऐपत नसल्याची कबुली, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. मोठ्या भावाची पुस्तकं, त्याचं नाव खोडून त्यावर लिहिलेलं आपलं नाव, वडिलांच्या पँटीतून बेतलेली चड्डी, हे सगळं मागे टाकायला तर आपण शिकलो आणि विमानात बसलो. म्हणून इथे आल्यावर पहिली खरेदी कोऱ्या वस्तूंची, खोक्यासकट. क्रिंगलोपमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, दुसरं मराठी कुटुंब दिसलं की पावलं आपोआप पुस्तकांच्या कप्प्याकडे वळतात. पुस्तकं चाळताना दिसलेलं चालतं. डच शेजाऱ्याचं गणित उलटं. कालव्याकाठी घर, बरी नोकरी, आणि दिवाणखान्यातला दिवा किती कमी पैशात मिळाला हे तो पहिल्या दहा मिनिटांत सांगून मोकळा होतो.

काटकसर आणि पर्यावरण हे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि ते सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या मनात वेगळंच घोळतंय. जरा आपली घरं बघा. माणशी २३ किलो, फार तर दोन बॅगा. त्यात कुकर बसला, सोऱ्या बसला, पुरणयंत्र, गोडा मसाला, देवघरातला बाळकृष्ण बसला. शिसवी पाट बसला नाही. फडताळ, झोपाळा, पितळी डब्यांची उतरंड तर लांबच. बाकीचं घर आपण एका शनिवार-रविवारात उभं केलं, सपाट खोकी फोडून आणि षटकोनी किल्लीने पेच आवळून. त्यामुळे आपल्या घरात आपल्याहून वयाने मोठं असं काहीच नाही. इथे जन्मलेली मुलं अशा घरांत वाढताहेत, जिथे सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे आईबाबा.

माझ्या आजोळी पातेल्यांच्या काठावर नावं आणि तारखा कोरलेल्या होत्या. कुणाच्या मुंजीत कुणी काय दिलं, कुठल्या आत्याने किती खर्च केला, सगळं वाचता यायचं. पोचा दिसला की तो कधी पडला याची गोष्ट निघायची. भांडी घासता घासता घराण्याचा इतिहास पाठ होण्याची ती सोय आपल्या मुलांना राहिली नाही. क्रिंगलोपमध्ये ती दोन-तीन युरोंत मिळते. आजी तेवढी दुसऱ्यांची असते.

पटत नसेल तर आप्पेपात्रापासून सुरुवात करा. पोफर्ट्येस आपण सगळ्यांनीच जत्रेत खाल्ले आहेत, लोणी आणि पिठीसाखर घातलेले ते गुबगुबीत गोळे. ते ज्या पॅनमध्ये करतात ते बघून ‘अय्या, आप्पेपात्र!’ न म्हणालेली मराठी बाई या देशात सापडायची नाही. नव्या पॅनवर नॉनस्टिकचा थर असतो. जुने बिडाचे, जड आणि बहुतेकदा गंजलेले, म्हणून दुकानात अगदी खालच्या फळीवर पडून असतात. गंज बघून लोक त्यांना मेलेलं समजतात. बिडाचा गंज वरवरचा असतो. जाडं मीठ, थोडं तेल आणि तारेची घासणी घेऊन करडा धातू दिसेपर्यंत घासायचं. धुतलं की लगेच आचेवर ठेवून कोरडं करायचं, ओलं ठेवलं तर तासाभरात पुन्हा लाल होतं. मग जवसाचं किंवा साधं सूर्यफुलाचं तेल सगळीकडून चोळून, लावलंच नाही असं वाटेपर्यंत पुसून काढायचं आणि पॅन तापलेल्या ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवायचा. थंड झाल्यावर पुन्हा तेच. तेलाचा तो पातळ हात उष्णतेने घट्ट होऊन धातूला धरून बसतो आणि काळा, गुळगुळीत थर तयार होतो. तेल सढळ लावलं तर मात्र चिकट चट्टे पडतात. कोकणात घावन घालण्याआधी नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात, तेव्हा हेच काम रोज थोडं थोडं होत असतं.

पोफर्ट्येसचे खळगे आपल्या आप्पेपात्राहून लहान आणि उथळ असतात. पीठ जरा घट्ट ठेवावं आणि खळगा काठोकाठ भरू नये. पहिला घाणा चिकटणारच. तो करणाऱ्याने ओट्यापाशी उभ्या उभ्या खरवडून खायचा असतो, त्याची चव पानातल्या आप्प्यांना येत नाही. तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून विणकामाची सुई लावताच आप्पा टुणकन उलटतो. माझ्या पॅनची कडी केव्हातरी तुटली असावी, कारण ती तांब्याच्या तारेने बांधलेली आहे. कुणी बांधली ते मला कधीच कळणार नाही. पीळ सारखा आहे, टोक आत दुमडलेलं आहे, हात कसबी होता. रोज सकाळी त्या माणसाची आणि माझी भेट होते आणि आमचं बरं जमतं. (आप्प्यांच्या पाककृती आतल्या पानांवर दिल्या आहेत. डोशाच्या उरलेल्या पिठाच्या आप्प्यांना संपादकांचं झुकतं माप आहे.)

एकदा नजर बसली की मग चालता चालताही मौज असते. ताटली उलटी करून बघायची. मागे स्फिंक्सचा शिक्का असला तर ती मास्ट्रिख्टची, पेट्रस रेगूटने १८३० च्या दशकात सुरू केलेल्या कारखान्याच्या घराण्यातली. भिंतीवर टांगायची चिनीमातीची कॉफीची चक्की मिळाली तर तिच्यात धणे-जिरे दळावेत, मिक्सरसारखे ते तापत नाहीत. मात्र नंतर त्यात कॉफी दळू नये, पाहुणे बोलून दाखवतात. आणि स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या जुन्या तीन गिअरच्या सायकलींच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहा. स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब असेल तर चिखल पुसल्यावर त्यावर ठोकलेलं साल दिसतं, कधी महिनासुद्धा. आपल्या जन्मसालाची सायकल शोधत फिरण्याला काही खर्च येत नाही. कुलूप लावलेल्या दुसऱ्याच्या सायकलीशी किती वेळ वाकून राहायचं, याचं भान मात्र ठेवा.

साध्या वस्तूंवर जीव लावण्यात आपली माणसं कुणाला हार जाणारी नव्हेत. पुण्यात बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत, दोनदोनच्या रांगेत, काही न बघता पाहिलेलं आहे. पुढच्या सुट्टीत पुन्हा जा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि जन्मभर ते खेडोपाडी, वाड्यावाड्यांतून फिरत राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि १९६२ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांवर आहेत. त्यात दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपं, पानाचे डबे आणि वज्रींचा भरणा. वज्री म्हणजे टाचा घासायचं साधन. न्हाणीघरातल्या त्या एवढ्याशा वस्तूच्या मुठीवर कुणीतरी पक्षी बसवला, घोडा उभा केला. बघणार कोण, तर टाच घासणारी बाई, तीही पाठ मोडून आल्यावर. मला विचाराल तर त्या संग्रहालयातल्या एखाद्या सरदाराच्या हत्यारापेक्षा त्या मुठीपाशी जास्त वेळ उभं राहावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं ‘आमच्या वेळी’ छापाचं गळेकाढूपण होईल. घरातलं तांबं-पितळ मोडीत घालून स्टील आणणाऱ्या आपल्या आज्या-आया अडाणी नव्हत्या. त्यांनी वर्षानुवर्षं चिंचेने भांडी घासली होती. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते हे त्यांना ठाऊक होतं. कल्हईवाल्याची वाट बघणं, नवसागराच्या धुरात ठसकत उभं राहणं, यातली गंमत अंगणातल्या पोरांना होती, त्यांना नव्हती. बोहारणीचंही तेच. आई आणि ती एका वाटीवरून दुपारभर घासाघीस करायच्या, आपल्याला तो तमाशा वाटायचा. तिच्यासाठी ती डोक्यावर पाटी घेऊन उन्हातान्हात केलेली मजुरी होती. गोधडी ऊबदार खरी, पण दुलई परवडत नव्हती म्हणून ती शिवली जायची. ज्यांनी नाइलाजाने जुनं वापरलं त्यांच्या कष्टांवर आपण ‘साधेपणातलं सुख’ अशी चिठ्ठी चिकटवू नये. आपण हौसेने जुनं घेतोय, कंटाळा आला तर उद्या नवं घेऊ शकतो, हे मनाशी कबूल करूनच हा छंद करावा.

हौसेलासुद्धा हात लागतात, आणि तिथे आपलं अडतं. १८ ऑक्टोबर २००९ रोजी अॅमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. आज जगभरात अशी अडीच हजारांहून जास्त आहेत आणि तुमच्या गावातही बहुधा महिन्यातल्या एखाद्या शनिवारी, ग्रंथालयात नाहीतर समाजमंदिरात, एक भरत असेल. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याशेजारी बसायचं. बहुतेक वेळा समोर एखादे निवृत्त आजोबा असतात. सगळ्यात जास्त येतात ती बिघडलेली कॉफी मशीन, कॉफीवाचून या देशाचं चालत नाही. डच बोलायचा सराव करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. दोघांच्या मध्ये उघडा टोस्टर असला की व्याकरणाकडे कुणी लक्ष देत नाही.

आपल्या मराठी मंडळात दगड भिरकावला तर इंजिनिअरला लागेल. स्क्रू-ड्रायव्हर कुणाकडे आहे असं विचारलं की मात्र सभागृहात शांतता. पण उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर आपल्याकडे जे बाबा, काका, सासरे येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी घरचा रेडिओ स्वतः उघडला आहे, मिक्सरचे कार्बन ब्रश बदलले आहेत, इस्त्रीची कॉइल बसवली आहे. इथे ते सोफ्याच्या कडेला बसून सुनेने रिमोट कुठे ठेवला ते शोधत असतात. त्यांना एकदा या कॅफेत घेऊन जा. भाषा येत नाही ही सबब चालायची नाही, मल्टिमीटर सगळ्यांना सारखाच वाचता येतो.

वस्तूंबद्दलच फार झालं. एप्रिल आहे, संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो, शेजारी दाराबाहेर खुर्च्या टाकून बसायला लागले आहेत. घरात मीठ नसलेल्या लोण्याच्या चार वड्या असतील तर रविवारी तूप कढवा. खिडकी उघडी ठेवून कढवा, म्हणजे जिन्यातले सगळे विचारतील. तळाची बेरी साखर घालून गरम गरम खायची असते आणि ती वाटून घेण्याचा नियम कुठल्याही शास्त्रात नाही.

आता कामाचं. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात यंदा जेवणाच्या दालनाबाहेर दोन टेबलं मांडणार आहोत. पहिल्यावर घरातली एखादी चालू स्थितीतली जुनी वस्तू आणून ठेवायची, सोबत चिठ्ठी: ती कुठून आली, तिने आजवर काय काम केलं. किंमत लिहायची नाही. आवडेल त्याने उचलायची. चिठ्ठी मराठीत, डचमध्ये, कशीही चालेल, मुलांनी लिहिली तर उत्तम. दुसरं टेबल दुरुस्तीचं. उसवलेल्या शिवणी, निघालेली बटणं, ढिल्या मुठी, बंद पडलेली घड्याळं घेऊन या. शिलाई मशीन आणि सोल्डरिंगची पेटी कार्यकारिणीने मिळवली आहे. बॉबिन भरता येणारी दोन माणसं आणि घड्याळातलं कळणारं एखादं माणूस हवं आहे, त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर कळवावं. नारळ खवायची विळी कुणाकडे जास्तीची असेल तर ती पहिल्या टेबलावर येण्याआधी कृपया संपादकांना दाखवावी. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मात्र कुणीही आणू नयेत, गेल्या गणपतीपासून मंडळाचं कपाट त्यांनीच भरलेलं आहे.

आपली,
संपादक