पावसाळ्याची बेगमी भरताना

मृग लागायच्या आत भोर, वेल्हे, नसरापूरच्या बाजारात बेगमीची गर्दी होते. पावसाळ्यात वरंध घाटात दरड येते, ओढे भरतात, एखादी एसटी येतच नाही. मग हिर्डोशी, केळद, पासलीसारख्या गावांत घरात जे आहे त्यावरच भागवावं लागतं. अशा वेळी किडकी डाळ किंवा गळकी ताडपत्री बदलून आणायला कोण जाणार? तेव्हा खरेदी आताच नीट करा.

काय घ्यायचं ते घरात ठरवा, बाजारात नको.

आधी घरातले डबे उघडून बघा. काय उरलंय, काय संपलंय ते लिहून काढा. स्वयंपाक जिच्या हातात आहे तिला विचारूनच यादी करा. कुठला जिन्नस किती दिवस पुरतो हे तिला नेमकं ठाऊक असतं. बियाण्याचे, खताचे आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे पहिले बाजूला काढा. जूनमध्ये सगळे खर्च एकदम अंगावर येतात, आणि किराण्यात हात सैल सुटला की नेमकं बियाणं उधारीवर आणावं लागतं.

डाळ-कडधान्य घेताना एक दाणा दाताखाली धरा. कट्‌कन तुटला तर माल सुका आहे. दबला तर त्यात ओल आहे. असा माल आपल्याकडच्या दमट हवेत श्रावणापर्यंतसुद्धा टिकत नाही. दोन रुपयांनी स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नका. घरी आणल्यावर मेच्या कडक उन्हात चांगला तापवा, थंड झाला की कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

कांदा बारीक मानेचा आणि घट्ट सालीचा बघा. जाड मानेचा कांदा लवकर सडतो आणि शेजारचेही सडवतो. मिरची अख्खी घ्या, वाळवा आणि डंकावर समोर उभं राहून कुटून आणा. तयार तिखटात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

तांदूळ घरचा असेल तर प्रश्नच नाही. विकत घ्यायचा असेल तर 'इंद्रायणी' या नावावर जाऊ नका. आधी पावशेर आणा, शिजवून बघा. वास आणि चिकटपणा पटला तरच पोतं उचला. जमलं तर ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्या. पैसा आपल्याच खोऱ्यात राहतो आणि तक्रार करायला दारही माहीत असतं.

ताडपत्री घडी मोडून, उजेडाकडे धरून बघा. बारीक भोकं तेव्हाच दिसतात. टेप लावून मोजा, कारण लिहिलेलं माप आणि हातात येणारं माप कधी कधी वेगळं निघतं. कोपऱ्यातल्या कड्या ओढून बघा. वाऱ्यात ताडपत्री पहिली तिथेच फाटते.

वजनाच्या काट्यावर माल ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का ते बघा. मिठाईचा खोका मिठाईच्या भावाने मोजून घेऊ नका. ते कायद्यातही बसत नाही. पुड्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्याहून जास्त कुणी मागू शकत नाही, बाटली गार करून दिल्याचे म्हणूनही नाही. त्याहून कमी मात्र तुम्ही खुशाल मागा.

मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो असं नाही. शाम्पूची छोटी पाकिटं कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, चहाच्या छोट्या पुड्या बऱ्याचदा महाग पडतात. आता बहुतेक पुड्यांवर एका ग्रॅमचा किंवा मिलीलिटरचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो. तो वाचा. चष्मा विसरला असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा.

एक काम मला मनापासून सुचवायचंय. आठ-दहा घरांनी मिळून खरेदी करा. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिथली कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचा माल घाऊक भावाने घेऊ लागली आणि हे काम वर्षानुवर्षं चाललं. आपल्या वाडीतला बचत गट हे सहज करू शकेल. याद्या आठ दिवस आधी गोळा करा. पैसे आधी जमा करा, उधारी ठेवू नका, त्यानेच मनं दुखावतात. दोघींनी जाऊन तीन दुकानांत भाव विचारावा. एक टेम्पो करा. माल गावात सगळ्यांसमोर मोजून वाटा आणि बिल सगळ्यांना दाखवा.

दारावर येणाऱ्यांबद्दल सावध राहा. 'गॅस कंपनीकडून आलोय, नळी बदलायची' असं म्हणत कुणी आलं, तर आधी तुमच्या एजन्सीला फोन लावा. दागिने उजळून देणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. अर्ध्या किमतीतल्या कुकरवर आयएसआयची खूण नसेल तर तो परत करा. कमी किमतीसाठी घरात स्फोटाचा धोका कशाला घ्यायचा? मोबाईलवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. कुणी पिन मागितला तर पैसे जाणार हे नक्की समजा. गेलेच तर लाज बाळगू नका, लगेच १९३० ला फोन करा.

हप्त्याने टीव्ही किंवा फ्रीज घेताना एकच प्रश्न विचारा: सगळे हप्ते आणि वरचे खर्च मिळून एकूण किती? तो आकडा कागदावर लिहून घ्या.

बिल मागायला संकोच करू नका. ओळखीचा दुकानदार रागावत नाही. बियाण्याचं बिल, पिशवी आणि तिच्यावरचा टॅग कापणी होईपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर हेच तुमच्या बाजूने बोलतील. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे काम झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

गुळगुळीत कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरं पडतं. घरी आल्याबरोबर त्याचा मोबाईलवर फोटो काढा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा.