कंपवाताची रात्र मोजणार कोण?

कंपवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. दवाखान्यातील तपासणीही बहुधा त्या हाताभोवतीच फिरते: बोटे जुळवून दाखवा, चालून दाखवा, वळा. रात्र कशी जाते, हा प्रश्न निघालाच तर निघता निघता, तोही रुग्णाच्या पत्नीने काढलेला. त्यावरचे उत्तर ठरलेले असते, वय झाले की झोप कमी होतेच. हे उत्तर आता शास्त्राला धरून राहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले, त्यातच झोपमोडीची नोंद आहे. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी एक वेगळाच निद्राविकार मांडला. स्वप्न पडत असताना एरवी आपले स्नायू शिथिल असतात. ती शिथिलता हरपली की माणूस झोपेतच ओरडतो, लाथा झाडतो. अन्य कारण नसताना असे होणाऱ्यांपैकी बहुतेकांमध्ये काही वर्षांनी, कधी दशकानंतर, कंपवात किंवा त्याच कुळातला आजार प्रकट होतो. हाताने सांगण्याआधी रात्रीने सांगितलेले असते. आपण ते ‘वाईट स्वप्न’ म्हणून सोडून देतो.

औषधांचेही तसेच. लेव्होडोपाचा रक्तातील अंमल तासा-दीड तासात निम्म्यावर येतो. मध्यरात्रीनंतर रुग्णाला कूस पालटता येत नाही, आणि घरातले आणखी एक माणूस जागे होते. प्रामिपेक्सोलसारख्या गोळीने काहींना दिवसा अनावर झोप येते. सेलेजिलिन सायंकाळी घेतली तर रात्रीची उडते. झोप आजाराने नेली की औषधाने, हे वेळांच्या नोंदीवाचून कळायचे कसे? (नोंद ठेवावी, गोळ्यांची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावी.)

२०१४ मधील एका अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांमध्ये मेलाटोनिनची दैनंदिन भरती-ओहोटी मंदावलेली आढळली. २०१७ मध्ये ३१ रुग्णांवरील प्रयोगात रोज दोन वेळा दिलेल्या प्रखर प्रकाशाने दिवसाची गुंगी कमी झाली. प्रयोग लहान, पण दिशा स्पष्ट आहे.

रायपूरकरांना तर हे शास्त्र परके नाही. येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात प्रा. अतनू कुमार पती, डॉ. आरती परगनिहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जैविक घड्याळाचा दीर्घकाळ अभ्यास केला. मनगटी यंत्राने कर्करोगाच्या रुग्णांच्या हालचाल-विश्रांतीची लय त्यांनी मोजली. त्याच जी. ई. रोडवर एम्स उभे आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या मनगटावर आठवडाभर असे यंत्र बांधणे हा नित्याच्या तपासणीचा भाग व्हायला हवा. ते होईपर्यंत एक साधी वही चालेल: गोळी केव्हा, डुलकी केव्हा, जाग केव्हा.

आणि आपला उन्हाळा? मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, पडदे ओढले जातात आणि रुग्ण कूलरसमोरच्या अंधारात दिवस काढतो. मेंदूतील घड्याळाला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. सकाळी सहाला, ऊन तापण्याआधी, खुर्ची ओसरीवर मांडायला खर्च काही येत नाही.