मग मुलाला कोण बघतं?

परवा एका घरगुती कार्यक्रमाला गेले होते. पंगती उठल्या, बायका गप्पांना टेकल्या आणि विषय निघाला आमच्या सुनेचा. ती सध्या गोव्याच्या ट्रायथलॉनची तयारी करते आहे. एकीने विचारलंच, "पहाटे साडेचारला बाहेर पडते म्हणे! मग मुलाला कोण बघतं?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र स्वतःचाच राग आला. तिथे द्यायचं उत्तर आज इथे देते आहे. आमचे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून तर इथे लिहितेय :-)

आधी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पोहणं, सायकल आणि धावणं, मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक, म्हणजे ट्रायथलॉन. २००० सालच्या सिडनीपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. गोव्यात २०१९ साली 'आयर्नमॅन ७०.३' पहिल्यांदा झाली. तीत समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. नाव मात्र 'आयर्नमॅन', बायकांसाठीही तेच!

आता उत्तर. मुलाला त्याचा बाप बघतो. बाप दौऱ्यावर असेल तर मी बघते. ती नेऱ्याच्या रस्त्याला सायकल घेऊन जाते तेव्हा मुलगा झोपलेला असतो आणि परत येते तेव्हा तो दात घासत असतो. हाच बाप लग्नाआधीपासून दर रविवारी क्रिकेटची किट खांद्याला लावून सकाळी जातो तो जेवायलाच उगवतो. इतक्या वर्षांत 'मुलाला कोण बघतं' असं त्याला एकाही मावशी-आत्याने विचारलेलं नाही. मीही नाही, आणि मी तर त्याची आई!

दुसरं एक वाक्य फार गोड असतं. "आईची काय, रोजचीच ट्रायथलॉन!" महिला दिनाला तर ते हमखास ऐकू येतं. मला या वाक्याची चीड आहे. माथेरानच्या, कर्नाळ्याच्या डोंगरातल्या ठाकूर-कातकरी बायका डोक्यावर मोळी घेऊन पनवेलच्या बाजारात चालत यायच्या, ते मी पाहिलेलं आहे. त्यांची ताकद कुठल्या खेळाडूपेक्षा कमी नव्हती. पण ते कष्ट होते, खेळ नव्हता. कष्ट पोटासाठी करावे लागतात, खेळ आपण आपल्या मर्जीने निवडतो. कष्टांनाच खेळ म्हटलं की मोळीला भाव वाढवून द्यायला नको आणि बाईला खेळायला वेळही द्यायला नको. दोन्हीकडून फायदा आपलाच.

बारामतीच्या लता भगवान करे आठवतात ना? साठी ओलांडलेल्या शेतमजूर बाई नवऱ्याच्या औषधोपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी चित्रपटही आला. सगळ्यांचे डोळे पाणावले, माझेही. पण त्या जर म्हणाल्या असत्या, "मला धावायला आवडतं म्हणून धावले", तर आपण इतक्या टाळ्या वाजवल्या असत्या का? नवऱ्यासाठी धावली तर सती-सावित्री, स्वतःसाठी धावली तर 'हिला घरात कामं नाहीत का?' आईने स्वतःला आवडतं म्हणून काही करावं, एवढी साधी गोष्ट आपल्याला अजून पचत नाही.

"बाळंतपणानंतर शरीर पहिल्यासारखं राहत नाही" हेही ऐकलं. खरं आहे, वेळ द्यावा लागतो, डॉक्टरांना विचारून हळूहळूच सुरुवात करावी लागते. पण तिथेच सगळं संपतं असं कुठे आहे? नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं घेतली तेव्हा त्या तीस वर्षांच्या, दोन मुलांची आई होत्या. त्यांनाही 'घरी मुलांजवळ थांबा' असं सांगणारे होतेच. ट्रायथलॉनमध्येच बघायचं तर स्वित्झर्लंडच्या निकोला स्पिरिगने २०१२ मध्ये सुवर्ण जिंकलं, २०१३ मध्ये ती आई झाली आणि २०१६ ला रिओत तिने रौप्य घेतलं. २०२१ मध्ये टोकियोत ती सहावी आली, तेव्हा तिला तीन मुलं होती.

आता माझा गुन्हा. नोकरीत असताना परीक्षा जवळ आली की मी मुलींचा पी.टी.चा तास मागून घेत असे, मराठीचा पोर्शन पुरा करायला. मुलांचा तास मागितला तर ती कुरकुर करत, मुली मुकाट्याने वह्या काढत. मला त्याचं कौतुक वाटायचं! किती शहाण्या मुली! आज त्या चाळिशी-पन्नाशीच्या असतील. त्यांच्यापैकी कुणाला पोहायला शिकायचं राहून गेलं असेल तर त्यात माझाही वाटा आहे.

सुनेच्या बाजूने सगळं आलबेल आहे असं नाही. सायकलची किंमत ऐकून मी दोन दिवस बोलले नव्हते. हा छंद खर्चिक आहे, सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनर रस्त्यावर असतात, ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. ही काळजी जरूर करा. पण ती काळजी क्रिकेटवाल्याचीही करा, तोही त्याच रस्त्याने जातो.

शर्यतीच्या दिवशी मी नातवाला घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावर उभी राहणार आहे. साडेआठ तासांत ती पोचेल की नाही, माहीत नाही. नाही पोचली तरी पुढच्या वर्षी तिने पुन्हा जावं, असं मी तिला सांगून ठेवलंय.

असो. पुढच्या कार्यक्रमात कुणाला विचारायचंच असेल, तर आमच्या चिरंजीवांना विचारा. ते तिथे श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत होते, आणि मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता!