हरिश्चंद्रगडावर दोघांनीच, गाइडशिवाय: नियम काय सांगतो आणि धोका नेमका कुठे आहे?

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी मी आणि माझी मैत्रीण हरिश्चंद्रगडावर गेलो. दोघीच, गाइड नाही. पाठीवर सॅक, मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा आणि घरच्यांना सांगायला एक वाक्य, 'खूप लोक जातात गं तिथे.'

खिरेश्वरहून तोलार खिंडीपर्यंत सगळं सुरळीत झालं. खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळटप्पाही पार झाला. मग धुकं उतरलं. ज्यांनी ही वाट केली आहे त्यांना माहीत असेल, या टप्प्यापासून मंदिरापर्यंत एकीसारखी दुसरी टेकडी लागत राहते. उंच वाढलेल्या गवतात दहा वाटा फुटलेल्या, त्यातल्या निम्म्या गुरांच्या. नकाशावरची रेघ आणि आमचा निळा ठिपका यांच्यात अंतर पडायला लागलं. एका ओढ्यापाशी मैत्रिणीचा पाय मुरगळला आणि आम्ही खाली बसलो.

घाबरलो तो क्षण हाच. रस्ता चुकल्याची भीती त्यामानाने कमी होती. मदत आणायला मी एकटीने गेले तर ती इथे एकटी राहणार, आणि मी वाट चुकले तर दोघी दोन ठिकाणी हरवणार. नाही गेले तर आम्ही कुठे आहोत हे कुणालाच कळणार नाही. नेटवर्क नव्हतं.

तासाभराने गुरांमागे आलेले एक मामा दिसले. "पोरींनो, हिकडं कुठं? ही वाट कड्याकडं जाती," एवढं बोलून त्यांनी मैत्रिणीची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्हाला मंदिरापर्यंत आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत.

परत आल्यावर मी दोन गोष्टी शोधायला बसले. गाइडशिवाय जाण्याबद्दल कायदा काय म्हणतो? आणि गाइड सक्तीचा केला तर प्रश्न सुटतो का?

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात गडावर जाताना गाइड घ्यायलाच हवा, असा सरसकट नियम नाही. राज्य सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात नोंदणी, प्रशिक्षित लीडर, सुरक्षेची साधनं या अटी आहेत, पण त्या उपक्रम आयोजित करणाऱ्यांसाठी. पैसे घेऊन चाळीस जणांची बस नेणारा आयोजक या चौकटीत येतो. दोन मैत्रिणी एसटीने खुबी फाट्याला उतरून चालायला लागल्या, तर त्या येत नाहीत.

दुसरा नियम जंगलाचा. हरिश्चंद्रगड हा 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. त्यामुळे इथे वनविभागाचे नियम लागू होतात.

तिसरा हंगामी. पावसाळ्यात अपघात वाढले की जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली काही ठिकाणी बंदी घालतात. जून 2024 मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश निघाले होते. अशा बंदीला गाइडशी देणंघेणं नसतं. गाइड असला तरी जायचं नाही आणि नसला तरी नाही.

यात हरिश्चंद्रगडाची आणखी एक अडचण आहे, आणि ती मला कागदावर नकाशा पसरल्यावरच कळली. हा गड तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. खिरेश्वर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, पाचनई अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात, तर नळीच्या वाटेचं बेलपाडा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडमध्ये. समजा एका जिल्ह्याने बंदी घातली आणि शेजारच्याने घातली नाही, तर एकाच गडावर जाणं एका वाटेने गुन्हा आणि दुसऱ्या वाटेने सहल ठरेल. अपघात झाल्यावर फोन कोणत्या पोलीस ठाण्याला करायचा, हा प्रश्न तर वेगळाच.

इतरत्र काय केलं जातं?

नेपाळने 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाइड सक्तीचा केला. कारणं दोन दिली गेली, बेपत्ता होणाऱ्यांची संख्या आणि स्थानिकांना रोजगार. पण एव्हरेस्टच्या खुंबू भागातल्या स्थानिक प्रशासनानेच तो नियम मानला नाही.

पेरूमध्ये माचू पिचूला नेणाऱ्या इंका ट्रेलवर गाइडशिवाय पाऊल ठेवता येत नाही. दिवसाला साधारण 500 जणांनाच परवानगी मिळते आणि त्यात हमालही मोजले जातात. इथे मुख्य काळजी वाटेची आणि दगडी अवशेषांची आहे. त्याच इंकांच्या चोकेकिराव या अवशेषांकडे मात्र आजही दोन मित्र स्वतःचा तंबू घेऊन जाऊ शकतात, आणि ती वाट इंका ट्रेलपेक्षा सोपी अजिबात नाही. आधी अपुरिमाक नदीच्या खोल दरीत उतरायचं आणि मग समोरची भिंत चढायची. म्हणजे गाइडची सक्ती कुठे आहे यावरून ती वाट किती धोकादायक आहे हे कळत नाही. तिथे गर्दी किती होते, एवढंच कळतं.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण तामिळनाडूचं. मार्च 2018 मध्ये थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला आणि वीसहून अधिक ट्रेकर्सचा जीव गेला. ते दोघं-तिघं नव्हते, मोठे गट होते. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये, राज्याच्या वनविभागाने 'ट्रेक तामिळनाडू' सुरू केलं. 40 वाटा, ऑनलाइन नोंदणी आणि सोबत प्रशिक्षण दिलेले स्थानिक गाइड, त्यात आदिवासी तरुणही. पण जी वाट या यादीत नाही, तिचं काय?

मग दोघांनी जाण्यात धोका नेमका कुठे आहे?

गिर्यारोहण शिकवताना एक जुना हिशोब सांगितला जातो. गटात किमान चार जण असावेत. एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात. दोघांच्या गटात हा हिशोब पहिल्याच अपघाताला कोलमडतो. आमचा ओढ्यापाशी तसाच कोलमडला. एकट्याने जाणं तर त्याहून वाईट. मे 2022 मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात एकटाच गेलेला एक तरुण वाट चुकला आणि अनेक दिवसांच्या शोधानंतर त्याचा मृतदेहच सापडला.

मोबाइलने हा हिशोब बदललेला नाही, फक्त बदलल्यासारखा वाटतो. नकाशातली रेघ कुणीतरी कधीतरी चालून नोंदवलेली असते. फेब्रुवारीत कोरड्या असलेल्या घळीतून गेलेली रेघ जुलैत तुम्हाला धबधब्यात घेऊन जाते. नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी उतरते ती वेगळीच. 112 हा क्रमांक लक्षात असला तरी तो लागण्यासाठी कुठल्या तरी कंपनीचं नेटवर्क असावं लागतं.

आणि फोन लागला तर येतं कोण? बहुतेक वेळा स्वयंसेवक. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर चोवीस तास हेल्पलाइन चालवतं, जवळच्या गिर्यारोहण संस्थांना कळवतं आणि मग नोकरी-धंदा करणारी माणसं रात्री दोर घेऊन निघतात. त्यांच्याआधी पोहोचतात ते गावकरी. म्हणजे ज्याला आपण वर जाताना पैसे देऊन सोबत घेत नाही, तोच माणूस आपल्याला खाली आणायला फुकट येतो. मला टोचलं ते हे.

सक्ती करावी का?

माझं मत सांगते. सरसकट सक्ती नको. हरिश्चंद्रगडाचंच बघा. पाचनईची वाट रुळलेली आहे, दोन-तीन तासांत माणूस मंदिराशी पोहोचतो. तिथे केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या पाण्यातलं शिवलिंग आणि चारपैकी उरलेला एकच खांब बघायला येणाऱ्या प्रत्येकाला गाइड घ्यायला लावलं, तर ज्यांच्याकडे पैसे नाहीत ती कॉलेजची पोरं तेवढी मागे राहतील. उलट, बेलपाड्याची नळीची वाट अशी आहे की गाइडशिवाय तिथे पाठवणं हाच निष्काळजीपणा. गड एक, पण नियम वाटेगणिक वेगळा हवा आणि ऋतूप्रमाणेही.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात राजगड आहे, साल्हेर आहे. हरिश्चंद्रगड नाही. यादीतल्या गडांवर आता गर्दी वाढेल, नियमही येतील. तेव्हा पायथ्याच्या गावांतल्या माणसांना प्रशिक्षण, विमा आणि ठरलेला दर मिळणार का, की शहरातून आलेला आयोजकच गाइडचं कार्ड गळ्यात घालणार, हे बघायला हवं. सक्तीचा फायदा कुणाला, हे त्यावर ठरेल.

तोपर्यंत एक साधी गोष्ट करता येईल. पायथ्याच्या प्रत्येक गावात एक वही. नाव, वाट, परतायची वेळ. संध्याकाळी ती वही उघडून कोण परतलं नाही ते बघणारा एक माणूस, आणि त्याला त्याचे पैसे. आम्ही वर गेलो त्या दिवशी आमची नावं कुठेही लिहिलेली नव्हती.

मैत्रिणीचा पाय तीन आठवड्यांनी बरा झाला. येत्या डिसेंबरात नळीच्या वाटेने जायचं म्हणतोय. चौघी आहोत, आणि बेलपाड्यातून सोबत माणूस घेणार आहोत.