रोजगार मेळाव्यात छाप कोणी कोणावर पाडायची?

सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि कॉलची वाट पाहायची, हा आमच्या थोरल्या भावांचा नोकरीचा रस्ता होता. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून १९४५ साली ही यंत्रणा उभी राहिली, तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, हे आजच्या तरुणांना कोणी सांगत नाही. १९९१ नंतर खाउजा धोरण आले, सरकारी भरती आटली, बॅकलॉग कागदावर राहिला आणि कार्डाच्या जागी रोजगार मेळावा आला. आता सडक अर्जुनी तालुक्यातला आमचा मुलगा धानाच्या बांधीतून हात धुऊन निघतो आणि पदवीची फाईल काखेत घेऊन गोंदियाच्या नाहीतर नागपूरच्या मेळाव्यात रांगेत उभा राहतो. कंपनीचा माणूस त्याला पाच मिनिटे पाहतो. त्या पाच मिनिटांत छाप पाड, असे जो तो त्याला बजावतो.

छाप जरूर पाडावी. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आमच्या आयाबहिणींना अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने आणि लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकून द्यायला सांगितले, ते कोणाची मर्जी राखण्यासाठी नव्हे, तर स्वाभिमानासाठी. तोच विचार इथे लागू आहे. उसना कोट-टाय नको; धुतलेले, इस्त्री केलेले साधे कपडे पुरे. बायोडाटा एका पानाचा असावा आणि त्यात लिहिलेली प्रत्येक ओळ तोंडाने समजावून सांगता आली पाहिजे. कंपनी काय बनवते, हे आदल्या दिवशी माहीत करून घ्यावे. येत नसेल ते येत नाही म्हणावे, पण शिकेन हेही ठामपणे सांगावे. आमची मुले झाडीबोलीत घडाघडा बोलतात आणि पुण्याच्या साहेबापुढे मुकी होतात. प्रमाण मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी ही सरावाने येणारी हत्यारे आहेत, ती कमवावीत. झाडीबोलीची लाज मात्र बाळगू नये.

पण सारा दोष मुलांच्या बोलण्या-चालण्यावर ढकलणारे एक गोष्ट लपवतात. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई लांबून फायली फेकत होते आणि राहायला खोली मिळत नव्हती. त्यांच्या बायोडाटात काय कमी होते? २००७ साली प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश भरली. तिथे कपडे दिसले नव्हते, बोलीही ऐकू आली नव्हती. दिसले होते फक्त आडनाव!

आडनावाने जे कळत नाही, ते ‘घरची पार्श्वभूमी काय?’ या प्रश्नातून काढले जाते. उत्तर खरे, थोडक्यात आणि मान वर ठेवून द्यावे. आईवडील रोवणीला आणि तेंदूपत्त्याला जातात, घरातला पहिला पदवीधर मी, हे सांगण्यात कमीपणा कसला? ती तर कर्तबगारीची साक्ष आहे. मात्र थेट जात विचारून कोणी दार लावले, तर गप्प घरी येऊ नये. खाजगी नोकरीत आरक्षण नाही हे खरे, पण १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणे हा गुन्हा ठरवते. कोर्टात शब्दाला पुरावा लागतो, हे आम्ही वकील म्हणून सांगतो. म्हणून तारीख, माणसाचे नाव आणि विचारलेला प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवावा.

आणि छाप काय एकट्या उमेदवारानेच पाडायची? मालकानेही पाडावी. नोकरी कंपनीची की ठेकेदाराची? हातात पगार किती? पीएफ, ईएसआय कापणार का? राहण्याचा खर्च कोणाचा? हे नम्रपणे विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागणे हा उद्धटपणा नव्हे. मूळ कागदपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत आणि नोकरीसाठी एक रुपयाही भरू नये. हे न विचारता गेलेला मुलगा चार महिन्यांत कर्ज घेऊन परत येतो आणि त्याच्यामागे धाकटी भावंडे शिकायचे सोडतात.

सडक अर्जुनी तालुक्यात आमची बुद्धविहारे आहेत आणि आरक्षणाने साहेब झालेली माणसेही आहेत. मेळाव्याच्या आधीचे दोन रविवार त्यांनी विहारात येऊन मुलामुलींच्या सराव मुलाखती घ्याव्यात. जयंतीच्या डीजेवरचा खर्च थोडा कमी करून बायोडाटा आणि प्रवासभाड्याची सोय करावी. समाजाचे ऋण असेच फिटते. सरकारकडे मात्र हिशेब मागू या: मेळाव्यात किती जणांना कागद दिले ते नको, सहा महिन्यांनी त्यातले किती कामावर टिकले ते गावनिहाय जाहीर करा. आणि खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी एक दिवसही थंड पडू देऊ नका. पाच मिनिटांची मुलाखत मुलगा एकटा देईल, पण त्या खुर्चीपर्यंत त्याला तयार करून पाठवणे हे चळवळीचे काम आहे.

जय भीम!