बहात्तर गावांचे प्रजासत्ताक

इटली देशाच्या पोटात तितानो नावाच्या डोंगरावर सान मारिनो नावाचे एक राष्ट्र आहे. क्षेत्रफळ अवघे ६१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या चौतीस हजारांच्या आसपास. मारिनुस नावाच्या एका पाथरवटाने इ. स. ३०१ मध्ये त्याची स्थापना केली, अशी तेथील परंपरा सांगते. डोंगराच्या कड्यावरचे तीन बुरूज, अरुंद दगडी रस्ते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले लोकभवन एवढाच या राष्ट्राचा वास्तुवैभवाचा पसारा. २००८ साली 'युनेस्को'ने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. १७९७ मध्ये नेपोलियनने या चिमुकल्या राज्याला आणखी प्रदेश देऊ केला होता. सान मारिनोने तो नम्रपणे नाकारला. आपल्या आकारात समाधानी राहण्याचे हे शहाणपण त्याला तारून गेले. भोवतालची बलाढ्य राज्ये लयाला गेली, हे मात्र टिकले.

आपल्याकडील सुशिक्षित माणूस हे सारे कौतुकाने वाचतो आणि लोकशाही ही युरोपची देणगी असल्याचा आपला समज अधिक घट्ट करून घेतो. अथेन्स, रोम, सान मारिनो ही नावे त्याला पाठ असतात. वज्जी आणि लिच्छवी यांची गणराज्ये त्याने शाळेत दोन ओळींत वाचलेली असतात. दहाव्या शतकात चोल राजा परांतकाच्या काळी उत्तरमेरूर येथे ग्रामसभेचे सदस्य कसे निवडावेत, कोण अपात्र ठरावा, याचे नियम दगडावर कोरले गेले, हे त्याच्या कानी क्वचितच पडलेले असते. आणि आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील औंध येथे, स्वातंत्र्यापूर्वी एका राजाने आपली सत्ता आपणहून खेड्यांच्या स्वाधीन केली, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते.

प्रतिनिधींचे औंध

औंधचे घराणे पंतप्रतिनिधींचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, स्वराज्य जिंजीहून लढत असताना प्रतिनिधिपद निर्माण झाले. किन्हईचे परशुराम त्र्यंबक यांच्या पराक्रमामुळे ते पुढे या घराण्याकडे आले. साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावरही औंधची जहागीर संस्थान म्हणून टिकली. पण संस्थान म्हणावे तरी किती? आजच्या सातारा, सांगली आणि कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यांत विखुरलेली बहात्तर गावे. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तुकडे, एकमेकांना न लागणारे. बराचसा मुलूख माणदेशी, म्हणजे पाऊस रुसलेला आणि मेंढरांच्या कळपांवर जगणारा. 'बनगरवाडी'तील शिक्षक ज्या धनगरवस्तीवर शाळा चालवायला निघतो, ती याच राज्यातली.

१९०९ साली या गादीवर भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार, लेखक आणि सूर्यनमस्काराचे व्रती अशी त्यांची नानाविध रूपे होती. रोज सकाळी सूर्यनमस्कार घालणारा आणि आपल्या राज्यातील शाळांतून मुलामुलींकडून ते घालून घेणारा हा राजा होता. आज जगभर योगदिन साजरा होताना सूर्यनमस्काराला जी प्रतिष्ठा लाभते, तिच्या मुळाशी औंधच्या या राजाने आयुष्यभर केलेला प्रचार आहे, याची आठवण किती जणांना असते?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळच्या माळरानावर जागा दिली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा एका लहानशा संस्थानाच्या या अधिपतीने एक लाख रुपयांचे आश्वासन देऊन त्या कार्याला चालना दिली. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. वेदांच्या संहिता सामान्य वाचकाच्या हाती देणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी आपला स्वाध्याय मंडळाचा संसार औंधातच थाटला. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांनी भूषविले. राज्याचा आकार लहान असला म्हणून दृष्टी लहान असावी लागत नाही, याचा याहून ठळक दाखला कोठे मिळेल?

टेकडीवरचे कलामंदिर

औंध गावात शिरताना लक्ष वेधते ती यमाईची टेकडी. माथ्यावर देवीचे मूळपीठ, खाली गावात दुसरे मंदिर आणि त्याच्यासमोर आकाशात चढत गेलेली दगडी दीपमाळ. देवळाची दीपमाळ ही मराठी वास्तुकलेची खास ओळख. गावाच्या वर्गणीने तेल घालावे आणि गावाने मिळून ती उजळावी, असे तिचे सामाजिक रूप आहे.

याच टेकडीच्या वाटेवर बाळासाहेबांनी श्रीभवानी चित्रसंग्रहालय बांधले आणि १९३८ साली ते लोकांसाठी खुले केले. चित्रांवर नैसर्गिक प्रकाश पडावा, पण ऊन थेट येऊ नये, याचा विचार इमारतीच्या रचनेतच केलेला आहे. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांच्यासारख्या भारतीय चित्रकारांच्या कृती येथे आहेत. पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत. आणि ज्याच्या एकेका शिल्पासाठी जगातील मोठी संग्रहालये धडपडतात, त्या हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्पही आहे. बाळासाहेबांचे स्वतःचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठीही त्यांनी मोठी खटपट केली व १९३२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला.

महत्त्वाची गोष्ट अशी की, हा संग्रह त्यांनी राजवाड्याच्या बंद दालनांत ठेवला नाही. जत्रेला आलेल्या शेतकऱ्याने देवीचे दर्शन घ्यावे आणि उतरताना रविवर्म्याचे चित्र पाहावे, अशी ही योजना होती. कला ही मूठभर रसिकांची मिरास नसून देवळाइतकीच सर्वांची आहे, हा खास आपला विचार त्यामागे दिसतो.

सत्तेचा त्याग

संग्रहालय उघडले त्याच वर्षी बाळासाहेबांनी आपला सर्वांत मोठा निर्णय घेतला. विलायतेत शिकून आलेले त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हा पोलंडहून भारतात आलेला अभियंता यांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची कल्पना मांडली. राजाने ती मान्य केली आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा केली. राज्यघटनेच्या आराखड्यासाठी हे दोघे गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. घटना खेड्यापासून वर रचली जावी, असा गांधीजींचा आग्रह होता. जानेवारी १९३९ मध्ये ही घटना अमलात आली.

तिची रचना साधी होती. गावाने आपली पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा आणि तालुक्यांच्या सभांतून राज्याची विधिसभा. गावची शाळा, पाणी, रस्ते आणि तंटे यांचा पहिला विचार गावानेच करायचा. कायद्याच्या भाषेत हे प्रजासत्ताक नव्हते, कारण राजा गादीवर होता. पण सत्तेचा उगम राजवाड्यातून गावच्या चावडीवर गेला होता, आणि प्रजासत्ताकाचा खरा अर्थ तोच असतो.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतींवाचून, कुटुंबासह राहत आणि शेती करीत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानच्याच मातीत वाढले होते. ज्या समाजाचा आपल्या माणसांवर विश्वास असतो, तो गुन्हेगारालाही माणूस म्हणून परत मिळवू शकतो, हे औंधने दाखवून दिले. १९४२ नंतर साताऱ्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे एक प्रमुख केंद्र औंध संस्थानातील कुंडल हेच होते, हाही केवळ योगायोग मानता येत नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राष्ट्राच्या एकात्मतेसाठी संस्थानांचे विलीनीकरण अपरिहार्य होते आणि सरदार पटेलांचे ते कार्य राष्ट्रनिर्मितीचे होते, याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु नकाशावरील सीमा पुसताना त्या सीमांच्या आत फुललेला प्रयोग जतन करण्याची तसदी कोणी घेतली नाही. गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीचे भीषण पर्व घडले. त्याच वर्षी पंडित सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. १९५१ साली बाळासाहेब निवर्तले. नऊ वर्षांचे ग्रामराज्य इतिहासाच्या तळटीपेत जाऊन बसले.

अंबडच्या शेजारचा शिलालेख

हा विषय केवळ स्मरणरंजनाचा नाही. नाशिकचे अंबड पाहावे. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज औद्योगिक वसाहत आणि सिडकोच्या घरांनी वेढले आहे. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली आणि अशी अनेक गावे शहराच्या पोटात गेली. गावाला रस्ते, नळ, रोजगार मिळाले. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा मात्र गेली. ग्रामीण महाराष्ट्रात वर्षातून चार ग्रामसभा घेण्याचे बंधन आहे. अंबडच्या रहिवाशाला असा हक्काचा ओटा उरलेला नाही. प्रभागातील नागरिकांच्या क्षेत्रसभांची तरतूद २००९ साली कायद्यात झाली, परंतु ती बहुतांशी कागदावरच राहिली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर काही वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. लाखोंच्या वस्तीला एकही निवडलेला प्रतिनिधी नाही आणि त्याची कोणाला फारशी खंतही नाही, हे चित्र चिंताजनक होते.

आणि याच अंबडहून जवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत दुसऱ्या शतकातील एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार, व्याजाचा दर ठरवून. त्याहून महत्त्वाची आहे ती लेखातील पुढची नोंद: हे सारे निगमसभेत ऐकवले गेले आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदले गेले. सत्ताधाऱ्याचा जावई दान करतो, ते कारागिरांच्या संस्थेच्या भरवशावर. आणि त्याची घोषणा नगरीच्या सभेत करतो. आजच्या अंबडमधील कारखान्यांपासून काही किलोमीटरवर, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, उद्योग आणि स्वशासन असे हातात हात घालून नांदत होते. ही आपली परंपरा आहे. ती कोणाकडून उसनी आणलेली नाही.

मात्र परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. औंधच्या राजाचे सूर्यनमस्कार शाखेपासून शाळेपर्यंत पोहोचले. त्याची ग्रामसभा पोहोचली का? रथसप्तमीला मैदानात शेकडोंनी जमणारे कार्यकर्ते आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकावर बोलायला किती जमतात? गावच्या ग्रामसभेत गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, तेव्हा आपल्या घरातील माणसे कोठे असतात? राज्यसत्तेपेक्षा समाज श्रेष्ठ, हे सूत्र भाषणात उच्चारणे सोपे आहे. ते जगायचे असेल, तर सभेच्या सतरंजीवर बसावे लागते, शेजाऱ्याचे न पटणारे म्हणणे ऐकावे लागते आणि गटाराच्या ठरावावरही तितक्याच निष्ठेने हात वर करावा लागतो.

सान मारिनोत दर सहा महिन्यांनी दोन राष्ट्रप्रमुख बदलतात. नवे प्रमुख पदावर आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कोणताही नागरिक त्यांच्यापुढे आपला अर्ज ठेवू शकतो. ही प्रथा त्यांनी शतकानुशतके जपली, म्हणून त्यांचे बुरूज निव्वळ पडीक दगड झाले नाहीत. औंधचे संग्रहालय, यमाईची दीपमाळ आणि त्रिरश्मीचा शिलालेख यांची डागडुजी शासन करील, करायलाच हवी. पण त्या वास्तूंच्या आत जो विचार होता, त्याची डागडुजी कोणत्याही खात्याकडे सोपवता येत नाही. बाळासाहेबांनी सत्ता देऊ केली, तेव्हा ती पेलण्यासाठी माणदेशातील दुष्काळी गावे पुढे आली होती. साक्षर, सुस्थित आणि संघटित अशा आजच्या नगरवासीयांना तेवढेही जमू नये, असे कोणतेही कारण नाही.